व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला बोटीतून गळाच्या मासेमारीला सुरक्षित कसं न्यावं?

प्रश्न थोडक्यात असा: मोठे भाऊ चार वर्षांपासून व्हीलचेअर वापरतात. छातीपासून खाली हालचाल नाही, संवेदनाही नाही, हात मात्र दणकट आहेत. अपघाताआधी दोघे भाऊ सुट्टी मिळाली की गळ घेऊन पाण्यावर असायचे. घरची १८ फुटी फायबरची बोट आहे, मागे आउटबोर्ड इंजिन. दादांना पुन्हा न्यायचं आहे. त्यांना चेअरसकट बोटीत चढवलं, चेअर बोटीला बांधली आणि दादांना चेअरला पट्ट्याने आवळलं, तर पडायची भीती उरणार नाही ना?

पडायची भीती उरणार नाही, बुडायची वाढेल. हौसेवर पाणी ओतायचं नाही, पण हा बेत जसाच्या तसा अमलात आणू नका. उघडी छोटी बोट उलटली तर आपण बाहेर फेकले जातो आणि जॅकेटमुळे वर येतो. चेअरला बांधलेला माणूस फेकला जात नाही. तो बोटीखाली उलटा लटकतो. बोटीतून चेअर सुटली तर चेअर तळाला जाते आणि माणूसही तिच्याबरोबर जातो. गाडीत पट्टा जीव वाचवतो, म्हणून बोटीतही वाचवेल असं वाटणं साहजिक आहे, पण गाडीबाहेर पाणी नसतं.

चालता न येणाऱ्या लोकांना घेऊन मी गेली बरीच वर्षं तलावात आणि समुद्रात जातो आहे. सुरुवातीला माझं सगळं डोकं ‘यांना आत कसं घ्यायचं’ यातच अडकलेलं असायचं. आता उलटं झालंय. प्रत्येक गोष्टीला मी आधी विचारतो, यांना बाहेर कसं काढणार? पाण्यातून बोटीत, बोटीतून धक्क्यावर, पट्ट्यातून मोकळं, उन्हातून सावलीत. ज्या गोष्टीला उत्तर सापडत नाही ती त्या दिवशी करायची नाही. पुढे जे लिहितो आहे ते सगळं या एका प्रश्नाभोवतीच आहे.

तेव्हा नियम असा: चेअर नेलीच तर ती बोटीला बांधायची, माणसाला कशालाही बांधायचं नाही. चेअरचा कमरेचा पट्टा बोट धक्का सोडण्याआधी उघडायचा. आता तुम्ही म्हणाल, दादांना धडाचा तोल नाही, पट्टा उघडला तर ते पुढे कलंडतील. बरोबर आहे. त्याला उपाय पट्टा नाही, आधार आहे: उंच पाठ, दोन्ही बगलांना टेकू, मांडीखाली पुढून थोडी उंच उशी म्हणजे बूड मागे सरकून राहतं, आणि शेजारी एक माणूस. फारच गरज वाटली तर छातीला एकच रुंद वेल्क्रोची पट्टी, जी दादा स्वतः एका हाताने झटक्यात फाडू शकतात. ‘स्वतः’ आणि ‘एका हाताने’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे. धक्क्यावर दहा वेळा करून बघा, मग ठरवा. आणि हवेने फुगणारं जॅकेट असेल तर त्याच्यावरून कुठलीही पट्टी येता कामा नये. जॅकेट पट्टीखाली फुगलं तर ते छातीच आवळतं.

आता तुमच्या बोटीकडे येऊ. १८ फुटी बोटीत मी कुणालाही चेअरवर बसवून नेणार नाही. चेअरची बैठक तळापासून साधारण ५० सेंटिमीटरवर असते, वर गादी. त्यावर बसलेल्या माणसाच्या वजनाचा मध्य तळापासून पाऊण मीटरच्या आसपास जातो. त्याच माणसाला बोटीच्या तळाजवळ, १५-२० सेंटिमीटरच्या बैठकीवर बसवलं तर तो मध्य जवळजवळ निम्म्यावर येतो. अरुंद बोटीत हा फरक तुम्हाला पहिल्याच आडव्या लाटेला कळेल. त्यामुळे दादा चेअरवरून उतरून बोटीत खाली बसतील आणि चेअर धक्क्यावर राहील. परतताना दुसऱ्याच जागी उतरणार असाल तरच हाताने ढकलायची घडीची चेअर सोबत घ्या, घडी घालून, चाकं काढून, तळाशी बांधून.

बरेच जण या जागी नाराज होतात. चेअर म्हणजे त्यांचे पाय, ते सोडून जायचं म्हणजे काय! नाराजी समजू शकते. चेअरवरूनच मासेमारी करायची असेल तर बोट बदला, चेअर नको. सपाट तळाची, रुंद, पाण्यावर तरंगणाऱ्या दोन-तीन पिंपांसारख्या नळ्यांवर सपाट डेक असलेली पाँटून बोट यासाठी उत्तम. ब्रिटनमध्ये व्हीलीबोट ट्रस्ट नावाची संस्था खास याच कामाच्या बोटी उभ्या करते. त्यांच्या बोटीचा पुढचा भाग दरवाज्यासारखा खाली पडतो आणि त्याचाच उतार होतो, चेअर सरळ आत येते आणि आत सगळीकडे फिरते. ते चित्र डोळ्यांसमोर ठेवून भाड्याची बोट शोधलीत तरी अर्धं काम झालं.

वजनाचा हिशेब मात्र कुठल्याही बोटीत कागदावर मांडा. साधी चेअर १०-१८ किलोची, तिचं काही नाही. बॅटरीवरची चेअर १०० किलोच्या वरही सहज जाते. माणूस धरून २०० किलो झाले तर ते बोटीच्या क्षमतेच्या पाटीवर दोन नव्हे, जवळजवळ तीन माणसं म्हणून मोजायचे, आणि ही तीन माणसं एकाच जागी, हलता न येणारी. मासा लागला की बाकीचे उत्साहाने त्याच बाजूला धावतात हेही धरून चाला.

लाइफ जॅकेटबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ‘जॅकेट घातलं आहे ना, मग झालं’ इथेच बहुतेक जण थांबतात. जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असतो, तो ते माणसाला किती जोराने तरंगवून धरतं ते सांगतो. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, हाताशी मदत असताना. ते बेशुद्ध माणसाला उताणं करत नाही. दादांसाठी १०० किंवा, खुल्या पाण्यात जाणार असाल तर, १५० बघा. पण आकडा चालत्या माणसाच्या शरीरावर ठरवलेला असतो. बरीच वर्षं न वापरलेल्या पायांतले स्नायू आटतात, चरबीचं प्रमाण वाढतं आणि पाय पाण्यात वर तरंगू लागतात. मग जॅकेटने चेहरा वर करायचा तर पाय त्याच्या विरुद्ध वळवतात. कुणाला पायात गोळे येऊन गुडघे पोटाशी येतात, त्याची गत आणखी वेगळी. कुणाचं शरीर काय करेल हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून तरणतलावात, उथळ बाजूला, दोन माणसं दोन बाजूंना ठेवून जॅकेट घालून बघायचं. पालथं सोडायचं आणि किती वेळात चेहरा वर येतो ते बघायचं. आला नाही तर जॅकेट बदलायचं. या चाचणीशिवाय मी कुणाला नेत नाही, कितीही ओळखीचा असला तरी.

फोमचं जाड जॅकेट पाठीमागे फुगीर असतं. टेकून बसणाऱ्या माणसाला ते पुढे ढकलतं आणि धडाचा तोल नसलेल्याला नेमकं तेच नको असतं. पाठ सपाट असलेलं, किंवा हवेने आपोआप फुगणारं सडपातळ जॅकेट अशांना सोयीचं. त्यातही विरघळणाऱ्या गोळीवर चालणारं जॅकेट शिंतोड्यांनी किंवा पावसाने मध्येच फुगू शकतं. पाण्याच्या दाबावर उघडणारं त्या मानाने शहाणं. दोरी ओढून फुगवायचं जॅकेट हातात बळ नसलेल्याला देऊ नका.

आता मांड्यांमधून जाणारा पट्टा. हा नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली राहतो, त्यामुळे तो हवाच. एकदा मी धक्क्यावर एका पाहुण्याला जॅकेट घातलं, सगळी बकलं लावली, दोन वेळा ओढून पाहिली. त्यांना चेअरवरून उचलायला गेलो तर चेअरही बरोबर उचलली गेली. मांडीखालून हात फिरवताना मी पट्टा बैठकीच्या नळीखालून घेतला होता. म्हणजे ज्या जॅकेटने त्यांना वाचवायचं त्याच जॅकेटने मी त्यांना १५ किलोच्या लोखंडाला बांधून ठेवलं होतं. ते गृहस्थ हसले. मला पुढे दोन रात्री नीट झोप लागली नाही. तेव्हापासून जॅकेट घातल्यावर मी माणसाला चेअरवरून चार बोटं तरी उचलून बघतो, चेअर मागे राहिली पाहिजे.

चढणं-उतरणं. खरे अपघात इथेच होतात, खोल पाण्यात नाही. तरंगता धक्का मिळाला तर सोनं, कारण बोट आणि धक्का एकत्र वरखाली होतात. पक्क्या धक्क्यावर भरती-ओहोटीचं गणित करावंच लागतं. जुना बारा हिश्श्यांचा ठोकताळा इथे फार कामाला येतो: भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाणी पहिल्या तासाला एकूण फरकाच्या बाराव्या हिश्शाने हलतं, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी पुन्हा एक हिस्सा. फरक ३ मीटरचा असेल तर भरल्या पाण्यापासून पहिल्या तासात २५ सेंटिमीटर उतरेल, पण तीन तासांनी तुम्ही परत याल तेव्हा धक्का दीड मीटर उंच गेलेला असेल. दीड मीटरवर दादांना कसं काढणार? तेव्हा पाणी पूर्ण भरायच्या तासभर आधी निघा आणि भरल्यानंतर तासाभरात परत या. दोन तास कमी वाटतात, पण पहिल्या खेपेला तेवढे पुरे. तलावात भरती नाही, पण धरणाच्या पाण्याची पातळीही बदलते. मागच्या महिन्यात पाहिलेला धक्का आज तोच असेल असं धरू नका.

उताराचं प्रमाण १ ला १२ हे जगभर वापरलं जातं: १ मीटर उंचीला १२ मीटर लांबी. म्हणजे अर्ध्या मीटरच्या फरकाला ६ मीटरची फळी लागते. ती कुणाच्याही घरी नसते. लोक दोन मीटरची फळी टाकतात आणि मागून ढकलतात. त्यापेक्षा चेअर धक्क्यावर ठेवणं बरं. फळी टाकायचीच तर एक टोक पक्कं करा आणि दुसरं सरकायला मोकळं ठेवा, चांगलं हातभर आत गेलेलं. दोन्ही टोकं बांधली तर बोट हलली की काहीतरी उखडतं. दोन्ही मोकळी ठेवली तर चेअरचं वजन बोटीच्या काठावर येतं त्या क्षणी बोट खाली जाते, बाहेर सरकते आणि फळी मधल्या फटीत पडते.

तुमच्या बोटीसाठी मी असं करेन. बोट धक्क्याला पुढून, मागून आणि मधून तिरप्या दोन अशा चार दोऱ्यांनी घट्ट. सैल दोरी म्हणजे वाढणारी फट. मध्ये फेंडर, म्हणजे बोट आपटू नये म्हणून अडकवायची उशी. इंजिन बंद, चावी खिशात. धक्का बोटीच्या काठापेक्षा थोडासाच उंच असेल अशी वेळ धरायची. धक्क्याच्या कडेला फोमची जाड गादी, दादा चेअरवरून त्या गादीवर उतरतील, पाय बोटीत. हात दणकट आहेत म्हणता, तर हे ते तुमच्यापेक्षा चांगलं करतील. रोज पलंगावरून चेअरवर तेच करतात. मग काठावरून बोटीतल्या बैठकीवर. एक जण मागून जॅकेटला धरून, एक जण समोर बोटीत खाली बसून. बोटीत उभ्याने उचलू नका, उभा माणूस आधी स्वतःच पडतो.

आणि एका माणसाकडे फक्त पाय. त्याने दुसरं काहीही करायचं नाही. दादांना पाय जाणवत नाहीत, त्यामुळे टाच बोट आणि धक्का यांच्या फटीत अडकली तरी ते ओरडणार नाहीत. मज्जारज्जूच्या इजेनंतर पायांची हाडं ठिसूळ होतात, साध्या धडकेनेही मोडू शकतात, आणि मोडलेलं कळतही नाही. टाच झाकणारे बंद बूट घाला, चपला-सँडल नकोत.

चेअरमध्ये बसलेल्या माणसाला चौघांनी चेअरसकट उचलून फटीवरून नेणं, हे प्रेमापोटी केलं जातं. करू नका. हातातला आर्मरेस्ट किंवा फूटरेस्ट निघून येतो, ते काढताच यावेत म्हणूनच तसे बनवलेले असतात. शिवाय पुढच्या दोघांचे पाय हलत्या बोटीत आणि मागच्या दोघांचे स्थिर धक्क्यावर, असा डोलारा असतो. मोठ्या डेकच्या बोटीत उतारावरून चेअर न्यायची असेल तर ढकलणारा मागे आणि एक जण पुढे, आणि बॅटरीची चेअर असेल तर तिचं वजन कुणी अंगावर घ्यायचं नाही, ती स्वतःच्या मोटरने जाईल.

डेकवर चेअर ठेवलीत तर तिचे ब्रेक पुरेसे नसतात, ते ओल्या टायरवर दाबलेला एक लोखंडी तुकडा एवढंच. चारही कोपऱ्यांतून खटक्याने आवळायच्या रॅचेट पट्ट्यांनी चेअरचा सांगाडा डेकच्या कड्यांना बांधा, चाकांना किंवा निघणाऱ्या भागांना नाही. माणूस गळ टाकायला बाजूकडे तोंड करून बसतो तेव्हा बोटीचं डावं-उजवं डुलणं चेअरसाठी पुढे-मागे होतं आणि चेअर मागे सगळ्यात सहज उलटते, हे लक्षात ठेवून पुढचे पट्टे जरा आखूड ठेवा. बॅटरीच्या चेअरचा स्विच बंद करा. एकदा रॉडचा दांडा जॉयस्टिकला लागला आणि चेअर माझ्या डोळ्यांसमोर कठड्यावर जाऊन आदळली. कठडा भक्कम होता, एवढंच नशीब. खाऱ्या शिंतोड्यांपासून जॉयस्टिकला प्लास्टिकची पिशवी. होकायंत्रावर चालत असाल तर चेअर त्याच्यापासून लांब ठेवा, एवढं लोखंड आणि मोटर जवळ आली की सुई भलतंच दाखवते.

बसायची जागा मध्यापासून जरा मागे. नाळेकडे कधीही नाही. वेगात असताना पुढचा भाग लाटेवर उचलून आपटतो आणि आपण नकळत गुडघ्यांनी तो दणका पचवतो. दादांचा दणका थेट कण्यात जाईल. वेगवान छोट्या बोटींत पुढे बसलेल्या धडधाकट लोकांचेही मणके दबल्याच्या घटना आहेत. त्यामुळे वेग असा, की हातातल्या भरल्या पेल्यातलं पाणी सांडू नये. खाली चेअरचीच गादी घ्या, ती त्यांच्या मापाची असते. पण आधी गादीला एक दोरी लावा, हवेची गादी वाऱ्याने उडून जाते आणि परतीचा प्रवास उघड्या फायबरवर होतो.

आता मूळ प्रश्न: पाण्यात पडलेच तर? तुमच्या बोटीचा काठ पाण्यापासून अर्धा-पाऊण मीटर असेल. ओल्या कपड्यांतला ८० किलोचा माणूस, पायांचा जोर शून्य. दोघांनी हात धरून ओढून तो वर येत नाही, खांदे मात्र निखळतात. शिडीचा उपयोग नाही. मी जाड जाळीचा किंवा ताडपत्रीचा दोन मीटरचा तुकडा ठेवतो. त्याची एक कड बोटीच्या आत कड्यांना कायमची बांधलेली, दुसऱ्या कडेला दोन दोऱ्या. तुकडा पाण्यात सोडायचा, माणसाला बोटीला समांतर त्याच्या झोळीत आणायचं आणि दोऱ्या ओढायच्या. माणूस गुंडाळत, आडवा, लोळत काठावरून आत येतो आणि ओढणाऱ्यांना जवळजवळ निम्माच जोर लावावा लागतो. इंजिन आधी बंद. हे वाचून समजत नाही. कोमट दिवशी कमरेएवढ्या पाण्यात दादांनाच घेऊन तीन वेळा करा. नाही जमलं, तर मासेमारी धक्क्यावरूनच करायची, त्यातही काही कमीपणा नाही. अमेरिकेच्या सुगम्यता नियमांत मासेमारीच्या धक्क्यांवर निदान २५ टक्के कठडा ८६५ मिलिमीटरपेक्षा उंच नसावा असं लिहिलंय, ते बसल्या माणसाला रॉड वरून टाकता यावा म्हणूनच.

बोटीवर तुम्ही दोघेच जाऊ नका. बोट चालवणारा वेगळा, दादांजवळ बसणारा वेगळा. आणि दादांना पाहुणे समजू नका. समजा तुम्हीच पडलात तर? इंजिन बंद कसं करायचं, बिनतारी संचावर आणीबाणीचा चॅनल १६ कसा लावायचा, आपण कुठे आहोत हे कसं सांगायचं, हे त्यांना आलं पाहिजे. मदत मागताना ‘बोटीवर चालता न येणारी व्यक्ती आहे’ हे पहिल्याच दमात सांगायचं, म्हणजे येणारे त्या तयारीने येतात. हवेबद्दल माझा ढोबळ नियम: एकटा असतो तर ज्या वाऱ्यात निघालो असतो त्याच्या निम्म्या वाऱ्यातच निघायचं. लाटांच्या माथ्यावर इथे-तिथे पांढरा फेस दिसायला लागला की तोंड वळवायचं. नांगर टाकायचा तो पुढूनच, मागून टाकलेल्या नांगराने छोटी बोट मागून पाणी भरून बसते.

शरीराची गोष्ट चालणाऱ्यांना सुचत नाही, म्हणून मुद्दाम. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया हा प्रकार होऊ शकतो. खाली कुठेतरी काहीतरी टोचतं, आवळतं, भरतं, मेंदूला कळत नाही, पण रक्तदाब एकदम उसळतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, वरच्या भागाला दरदरून घाम येतो. सगळ्यात नेहमीचं कारण तुंबलेलं मूत्राशय. आता वरचा मांड्यांमधला पट्टा आठवा: तो कॅथेटरच्या, म्हणजे लघवी पिशवीत नेणाऱ्या नळीवरून घट्ट बसला तर नळी दुमडते, पिशवी कोरडी राहते आणि दादा ‘आज लघवी कमी झाली’ म्हणून खूश असतात. पट्टा बांधल्यावर हाताचं बोट घालून नळी चाचपा आणि दर अर्ध्या तासाने पिशवीकडे बघा. डोकं ठणकायला लागलं तर झोपवू नका, ताठ बसवा, पट्टे-बूट सैल करा, नळी मोकळी करा, आणि बरं वाटलं तरी सरळ किनाऱ्याकडे, डॉक्टरकडे. दादांची इजा नेमकी कुठल्या पातळीला आहे आणि त्यांना हे आधी झालंय का, ते घरीच विचारून घ्या. त्यांना सगळं माहीत असतं, आपणच विचारत नाही.

लघवीच्या भीतीने सकाळपासून पाणी न पिणं ही सर्रास चूक. इजेच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे उन्हात शरीर तापतं ते उतरत नाही. स्प्रेची बाटली, मानेवर ओला पंचा, डोक्यावर कापडी छत, आणि पाणी पीत राहायचं. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ हायोसिनने, लघवी अडते, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच. काळी बैठक, धातूची पट्टी, इंजिनाचं झाकण यांना पाय टेकलेला नाही ना, हे दुसऱ्याने बघायचं. सतत भार राहून कातडीला जखम होऊ नये म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, मासा लागलेला असताना हे हमखास विसरतं, तर शेजारच्याने आठवण करायची.

मासेमारीचं त्या मानाने सोपं आहे. लांब फेकण्यापेक्षा बोटीखाली सरळ सोडायचा गळ बसल्या माणसाला सोयीचा, कारण फेकताना धड वळतं आणि तोल तिथेच जातो. फेकायचंच तर आखूड रॉड आणि बाजूने फेक. रॉड होल्डर बोटीला लावा, चेअरला नको. रॉडला जोडलेली सुरक्षेची दोरीसुद्धा बोटीलाच, मनगटाला कधीही नाही. रीळचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सोडणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर किंवा त्याहून सैल ठेवा. मोठा मासा गेला तरी चालेल, दादा पुढे ओढले जायला नकोत. पकड कमी असलेल्यांना हात रॉडला बांधणारे हातमोजे मिळतात, त्यातही झटक्यात निघणारेच घ्या. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा: न जाणवणाऱ्या मांडीत रुतलेला गळ घरी गेल्यावर सापडतो. तडफडणारा काटेरी मासा पायांजवळ टाकू नका, सरळ झाकणाच्या डब्यात. डेकवर चेअर असेल तर चाकांच्या आऱ्यांवर पुठ्ठ्याची गोल तबकडी बसवा, नाहीतर दोरी त्यात गुंतते आणि सोडवता सोडवता संध्याकाळ होते.

पहिली खेप बोट धक्क्याला बांधलेली ठेवूनच करा. तासभर दादांनी आत बसायचं, गळ सोडायचा, तुम्ही मुद्दाम बोट डुलवायची, मग बाहेर काढायचं. आठवडाभराने हाकेच्या अंतरावर अर्धा तास. बैठक कुठे टोचते, टेकू कुठे कमी पडतो, कुठला हात कुठे धरायला लागतो, हे त्या तासाभरात दादाच सांगतील, आणि बहुतेक वेळा तुम्ही केलेली अर्धी व्यवस्था काढून टाकायला लावतील.

घरी आल्यावर चेअर गोड्या पाण्याने धुवा, चाकांच्या बेअरिंगमध्ये वंगण घाला, खारी हवा लागलेली पुढची छोटी चाकं महिन्याभरात कुरकुरायला लागतात. बॅटरीची चेअर फक्त ओल्या फडक्याने पुसा. आणि झोपण्याआधी दादांचं बूड, टाचा, घोटे आणि मांड्यांची आतली बाजू चांगल्या उजेडात बघा, त्यांना आरशात स्वतः बघता येत असेल तर त्यांनीच. लाल डाग दिसला आणि भार काढूनही अर्ध्या तासात गेला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्या जागेवर बसायचं नाही, आणि पुढच्या खेपेआधी बोटीतल्या बैठकीत नेमकं त्या ठिकाणी काय होतं ते शोधायचं.